पुठ्ठा

महापे. तळमजल्यावरचा हॉल, एसी अठरावर अडकलेला.
आम्ही सतरा जण, गळ्यात पट्टे,
समोर जाड फोल्डर, एक पेन, दोन पेपरमिंट.
कोटणीस मॅडमनी फळ्यावर सुधारणेचं वर्तुळ काढलं.
ते नीट जुळलं नाही,
शेवटी बोटभर फट राहिली.
'सांगा, आपण आत्ता कुठे आहोत?'

कोणी म्हणालं, दुसऱ्या पातळीवर.
कोणी म्हणालं, तिसऱ्या, पण कागदोपत्री.
मागून एकजण पुटपुटला,
'एमआयडीसीत, जेवायला अजून दीड तास.'
त्या सकाळी तेवढंच उत्तर खरं होतं.

मी टेबल हाताने दाबून बसले होते.
लिहायला गेलं की ते डावीकडे कलायचं
आणि 'दिशा' लिहिताना पेन
दर वेळी खालच्या ओळीत घसरायचं.

चहाच्या वेळी हरेश्वर भोईर आला,
कप गोळा करता करता वाकला,
खिशातला घडीचा पुठ्ठा पायाखाली सरकवला.
टेबल गप्प.
'रोज लावतो. रातच्याला झारताना निगतो.'
मी म्हटलं, टेबल बदलून मागा की.
'तीनदा बदलला, मॅडम. टेबल बेस हाय.
फरशीच उतरती हाय.
हितं आमच्या खाचराचा बांध व्हता.'
एवढं बोलून तो कप घेऊन गेला,
जसं काही कुणाच्या तरी पत्त्याबद्दल सांगितलं असावं.

दुपारी मॅडम मूळ कारणावर बोलल्या.
मी ऐकत नव्हते.
मला पनवेलच्या एका लॅबचं तिकीट आठवत होतं:
'रिपोर्ट छापले जात नाहीत.'
वर्षात अकरा वेळा आलं,
अकराही वेळा मीच बंद केलं.
सर्व्हिस थांबवायची, सुरू करायची, चार मिनिटं.
वेळेच्या आत. हिरवा ठिपका.
दिवाळीनंतर ते यायचंच थांबलं.
आलेख खाली आला, तिमाही बैठकीत टाळ्या पडल्या,
मला काचेचा एक चौकोन मिळाला,
त्यावर माझं आडनाव, एक अक्षर जास्तीचं.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. चाळीस प्रश्न, अठ्ठावीस पुरतात.
एकतिसावा असा:
सुधारणा झाली, हे कशावरून ओळखाल?
मी 'क' लिहिलं.
'क' बरोबर होतं.

निघताना हरेश्वरने एक पुठ्ठा हातात ठेवला,
चार घड्यांचा, कडा झिजलेल्या.
'ऱ्हाऊ द्या. तुमच्या हापिसात लागंल.'

सोमवारी पनवेलला फोन लावला.
निलोफर मुकादम, लॅबमधल्या.
'प्रिंटर? अहो, आम्ही हातानेच लिहितो आता.
शुगर, हिमोग्लोबिन, सगळंच. खाली कार्बन घालून.
तुम्हाला तरी किती वेळा त्रास द्यायचा?'
त्यांच्या आवाजात राग नव्हता.
राग असता तर निदान
बारावं तिकीट तरी झालं असतं.

मी बंद यादीतून अकरावं शोधून काढलं.
'पुन्हा उघडा' हे बटण इतकं फिकट असतं
की इतकी वर्षं मला ते शोभेचं वाटत होतं.
दाबलं.
कारण लिहा, खिडकी म्हणाली.
बाजूच्या डेस्कवरचा मंदार जेवून आला,
हात पुसत परत बसला,
तरी माझी रेघ लुकलुकतच होती.
मग लिहिलं:
फरशी उतरती आहे.

आज बारा दिवस झाले.
कोणी सर्व्हर बघतंय, कोणी करार बघतंय,
निलोफरबाई अजून कार्बनच घालतायत.
साहेब रोज सकाळी विचारतात,
हा एकच लाल ठिपका कधी जाणार.

पुठ्ठा माझ्या खणात आहे.
खोटं कशाला बोलू,
दिवसातून दोनदा तरी
खण उघडून बघते.